कासवाला शिकवलेले शब्द

शाळेतल्या मुलांना वाटायचं, ज्युलियाना टीचर फार रागीट आहेत. त्या हसत नसत. वर्गात आल्या की आधी खुर्चीत टेकायच्या, क्षणभर डोळे मिटून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, काढा गणिताची वही." पण तो राग नव्हता. बाई दमलेल्या असायच्या, एवढंच.

ज्युलियाना मिस्किटा राहायची बाळकुमला. तिचे वडील, लिओनार्ड, अर्धांगाचा झटका येऊन खाटेला खिळले होते. पहाटे उठून ती त्यांना कुशीवर वळवायची, अंग पुसायची, पाठीला पावडर लावायची, पेज भरवायची. मग शेजारची सखुबाई दिवसभरासाठी येऊन बसली की बस पकडायची आणि ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याजवळच्या आपल्या शाळेत यायची. संध्याकाळी तेच सगळं उलट्या क्रमाने. आई गेली तेव्हा ज्युलियाना तिशीत होती. लग्नाची दोन-तीन स्थळं आली, पण दर वेळी घरात कोणीतरी आजारी होतं. आता चाळिशी उलटली होती आणि स्थळं आणणारेही थकले होते.

सत्याऐंशी सालच्या जूनमध्ये शाळेत सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर आले. खोकी आठवडाभर ऑफिसात तशीच पडून होती. शिपायाने त्यांच्यावर गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं ठेवली होती. मग हेडमास्तर गोगटे सरांनी ज्युलियानाला बोलावलं. त्र्यंबक गोगटे संस्कृतचे माणूस, बोलणं अगदी छापील.

"मिस्किटाबाई, प्रशिक्षणाला कोणीतरी जायला हवं. तुम्ही जाऊन या."

"मीच का, सर?"

"तुमच्या घरात इंग्रजीच की! आम्हां मंडळींपेक्षा तुम्हाला बरं जमेल."

तिच्या घरात इंग्रजी नव्हतं. तिची आजी रोझरीची प्रार्थनासुद्धा मराठीतच म्हणायची आणि ती स्वतः बाळकुमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, तुटक्या पाटीवर, मराठीतच शिकलेली. चर्चमध्ये वांद्र्याकडच्या पाहुण्या बायका तिचं इंग्रजी ऐकून एकमेकींकडे बघायच्या. स्टाफरूममधल्या बायका तिचं मराठी ऐकून तेच करायच्या. 'मी काल गेलेली' असं ती म्हणाली की कोणीतरी हळूच 'गेले होते' असं पुटपुटायचं. हे सगळं गोगटे सरांना सांगावं असं तिच्या मनात आलं. पण सांगायलाही जोर लागतो. ती म्हणाली, "बरं, सर."

तीन आठवडे ती कॉलेजात प्रशिक्षणाला गेली. तिथल्या निम्म्या गोष्टी डोक्यावरून गेल्या, उरलेल्या तिने गणितासारख्या पाठ केल्या. परत आल्यावर चित्रकलेची जुनी खोली मिळाली. खाडीचा खारा वारा यंत्राला लागू नये म्हणून खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. शाळा सुटल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी, ज्यांना हवं त्यांनी यावं, असं ठरलं. पाटीवर गोगटे सरांनी स्वतः खडूने लिहिलं, 'संगणक मंडळ'. मुलं त्याला 'क्लब' म्हणू लागली.

पहिल्या दिवशी निम्मी शाळा आली, महिनाभरात डझनभर मुलं उरली. चपला बाहेर काढून, सतरंजीवर दाटीवाटीने बसून ती पडद्याकडे बघायची. सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव पडद्यावर आणलं. ते पडदाभर खालून वर सरकत राहायचं आणि ज्याचं नाव तो जिंकल्यासारखा ओरडायचा. मग त्यांनी पाढे म्हणणारा प्रोग्रॅम केला. उत्तर चुकलं की यंत्र 'पुन्हा' असं छापायचं. हे सगळं टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचं आणि पुढच्या वेळी कॅसेट लावून परत आणायचं. तेव्हा टेपमधून किंचाळल्यासारखा आवाज यायचा आणि खालच्या वर्गात शिकवणी घेणारे मारुती सर काठीने छताला ठोकायचे.

पण मुलं खरी रमली ती कासवात. पडद्यावर एक लहानसा त्रिकोण असायचा. त्याला कासव म्हणायचं असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्याला हुकूम दिला की ते चालायचं आणि मागे रेघ सोडायचं. फॉरवर्ड शंभर म्हटलं की शंभर पावलं पुढे, राइट नव्वद म्हटलं की काटकोनात वळण. चार वेळा तेच केलं की चौकोन.

अडचण हुकमांची होती. मुलं मराठी शाळेतली. पाचवीला ए-बी-सी-डी सुरू झालेली. फॉरवर्डचं स्पेलिंग पाढ्यासारखं घोकायचं आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं की यंत्र म्हणायचं, हे मला कळत नाही. चंदू नावाचा एक गुटगुटीत मुलगा तर आपली पाळी आली की लघवीला जायचा.

सातवीतली सगुणा तशी नव्हती. कोळीवाड्यातली, तोंडाची तिखट. सकाळी आईबरोबर मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायची आणि तशीच शाळेत यायची. एका शुक्रवारी तिने तिसऱ्यांदा स्पेलिंग चुकवलं आणि हात झटकून मागे बसली.

"टीचर, हा कासव कुनाचा हाय? साहेबाचा?"

"म्हणजे?"

"खाडीतला असता तर आपलं बोलनं समजला असता. याला नाय समजत."

मुलं हसली. ज्युलियाना हसली नाही. तिचं डोकं दुखत होतं आणि घरी सखुबाई उशिरावरून बोलणार हे माहीत होतं. पण सगुणाच्या त्या बोलण्यावर तिला प्रशिक्षणातलं काहीतरी आठवलं. कासवाला नवा शब्द शिकवता येतो. शब्दाचं नाव द्यायचं, त्याचा अर्थ जुन्या शब्दांत सांगायचा, आणि शेवटी 'संपलं' म्हणायचं. कॉलेजात त्यांनी असाच 'स्क्वेअर' हा शब्द शिकवला होता.

"सरक," ती म्हणाली आणि स्वतः यंत्रासमोर बसली. इंग्रजी अक्षरांतच, पण तिने लिहिलं, 'पुढे'. पुढे म्हणजे काय? तर फॉरवर्ड. संपलं. मग टाइप केलं, 'पुढे पन्नास'.

कासव चाललं.

 मग सगुणा म्हणाली, "शिकला!" आणि एकच गलका झाला. 'मागे' शिकवलं, 'उजवा' शिकवलं, 'डावा' शिकवलं. चंदूने 'गिरकी' शिकवली आणि त्या दिवशी तो एकदाही लघवीला गेला नाही. जया नावाची शांत मुलगी होती, स्टेशनजवळच्या चाळीतली. तिने कोपऱ्यात बसून विचार करून 'परत' हा शब्द काढला. त्याने एकच गोष्ट हवी तितक्या वेळा करता यायची.

त्या संध्याकाळी ज्युलियानाला घरी पोचायला खूप उशीर झाला. सखुबाई दारातच उभी होती. "जुली, मला बी घर हाय," ती म्हणाली. ज्युलियानाने तिची माफी मागितली, वडिलांना भरवलं आणि त्यांच्या खाटेशी बसल्या बसल्याच तिला झोप लागली.

दिवाळीपर्यंत कासवाला बरेच शब्द येऊ लागले. मुलं शब्दांतून शब्द करायची. चौकोनातून जाळ्याचं एक घर झालं, घराघरांतून जाळं. सगुणाने 'शीड' शिकवलं, मग 'डोलकाठी', मग या सगळ्यांची मिळून 'होडी'. पण तिला एकाच मापाची होडी नको होती. "बापाची मोठी हाय, काकाची लहान," ती म्हणायची. ज्युलियानाने पुस्तक उलटंपालटं केलं, दोनदा चुकली, आणि शेवटी जमलं. होडी या शब्दापुढे 'केवढी' असा एक आकडा द्यायचा. 'होडी वीस' म्हटलं की लहान, 'होडी ऐंशी' म्हटलं की पडदाभर. त्या दिवशी सगुणाने अख्ख्या कोळीवाड्याचं बंदर पडद्यावर उभं केलं, आणि कुठली होडी कोणाची ते बोट लावून सांगितलं.

तक्रार आली ती जयाच्या वडिलांकडून. बाबुराव एका कंपनीत टाइपिस्ट होते. त्यांनी घरी जयाला विचारलं, कॉम्प्युटरमध्ये काय शिकलीस, आणि जयाने सांगितलं, "पुढे, मागे, उजवा, डावा." दुसऱ्या दिवशी ते अर्धी रजा टाकून शाळेत आले.

"सर, आम्ही पोरीला थांबवतो शाळा सुटल्यावर, ते कशासाठी? चार इंग्रजी शब्द कानावर पडावेत. बाहेर नोकरीला 'डावा-उजवा' चालणार आहे का?"

ते गेल्यावर गोगटे सरांनी ज्युलियानाला बोलावलं. शिव्या वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हत्या. ते समजावणीच्या सुरात बोलले, आणि ते तिला जास्त जड गेलं.

"बाई, त्या गृहस्थांचं चुकत नाही. तुम्ही मुलांचे लाड करता आहात. यंत्राची जी भाषा आहे ती शिकायला हवी. शिवाय जानेवारीत डोंबिवलीला आंतरशालेय प्रदर्शन आहे, मी आपलं नाव दिलं आहे. तिथे हे 'पुढे-मागे' बरं दिसणार नाही. आणि खरं सांगायचं तर 'उजवा' हे रूपही अशुद्ध आहे. 'उजवीकडे' हवं."

तिच्याकडे उत्तर होतं. मुलं यंत्राची भाषाच शिकत होती, नवा शब्द कसा घडवायचा हेच तर त्या यंत्रावरचं खरं शिकणं होतं. तिने तोंड उघडलंही. पण त्याच आठवड्यात वडिलांच्या पाठीला जखम झाली होती, डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं होतं, आणि चार रात्री ती धड झोपली नव्हती. बोलायला गेलं तर आवाज चढेल किंवा रडू येईल, असं तिला वाटलं.

"बरं, सर," ती म्हणाली.

आणि मग तिने सगळ्यात सोपा मार्ग घेतला. होडी काढायला लागणारे इंग्रजी हुकूम एकाखाली एक फळ्यावर लिहिले आणि मुलांना म्हणाली, "हे पाठ करा. असंच्या असं." शब्दांतून शब्द नाहीत, केवढी-बिवढी काही नाही. नुसती लांबलचक यादी. इंग्रजीत नवे शब्द करून तीच होडी समजावता आली असती, पण त्याला वेळ लागला असता, आणि वेळ तिच्याकडे नव्हता.

"आपली होडी कुठं गेली?" सगुणाने विचारलं.

"कॅसेटमध्ये आहे. प्रदर्शन झाल्यावर बघू."

सगुणा वही उघडून उतरवून घ्यायला लागली. ती, चंदू आणि जया असे तिघं जाणार होते. तिघांनी कविता पाठ करावी तसे हुकूम पाठ केले. क्लबमध्ये आता गलका होत नव्हता. मारुती सरांनी एकदा वर डोकावून विचारलंसुद्धा, "आज सुट्टी आहे का?"

प्रदर्शन डोंबिवलीच्या एका मोठ्या शाळेच्या सभागृहात होतं. टेबलांवर ओळीने यंत्रं मांडलेली, मागे थर्माकोलची अक्षरं, प्रत्येक शाळेची मुलं आपापल्या टेबलामागे इस्त्रीच्या गणवेशात. शिक्षकांनी भिंतीशी उभं राहायचं आणि बोलायचं नाही, असा नियम आधीच सांगितला होता. गोगटे सर कोट घालून आले होते. ज्युलियाना भिंतीला टेकून उभी राहिली. पाय दुखत होते आणि टेकायला काहीतरी आहे याचंच तिला बरं वाटत होतं.

परीक्षक आले तेव्हा तिघांनी घडाघडा टाइप केलं. एकही चूक नाही. पडद्यावर होडी उभी राहिली, शीड, डोलकाठी, सगळं. परीक्षकांपैकी एक तरुण प्राध्यापिका होत्या, केस कापलेल्या. त्यांना होडी आवडली असावी, कारण त्या पुढे जाता जाता थांबल्या.

"छान. आता हीच होडी अर्धी करून दाखवाल का? लहान?"

चंदूने जयाकडे बघितलं. जयाने टेबलाकडे. दोघांनी पुन्हा पहिल्यापासून तेच हुकूम म्हणत टाइप करायला सुरुवात केली, आणि पडद्यावर पहिल्या होडीवरच तंतोतंत दुसरी होडी उमटली. एकही रेघ इकडची तिकडे नाही. शेजारच्या टेबलावरची मुलं खुसखुसली.

"नाही, तीच नको. लहान," प्राध्यापिका म्हणाल्या. "हे आकडे बदलायचे. कुठले बदलाल?"

सगुणाचे कान लाल झाले होते. ती आकड्यांच्या त्या लांब रांगेकडे बघत राहिली. ज्या मुलीने कोळीवाड्याच्या लहानमोठ्या होड्या एका शब्दात उभ्या केल्या होत्या, ती आता परीक्षेत नापास होणाऱ्या पोरासारखी उभी होती. मग तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं, थेट ज्युलियानाकडे. त्या नजरेत विनवणी नव्हती. राग होता.

ज्युलियाना भिंतीपासून सुटून ताठ उभी राहिली. कितीतरी महिन्यांत तिला एवढी स्वच्छ जाग आली नव्हती. आपण या मुलीला मुकं केलं, एवढंच तिला कळलं, आणि नियम, गोगटे सर, बक्षीस, सगळं एकदम दूर गेलं.

"सगुणा," ती मोठ्याने म्हणाली, "त्याला आपले शब्द शिकव. पहिल्यापासून."

सभागृहात माना वळल्या. गोगटे सर कुजबुजले, "बाई! बाई!" एक स्वयंसेवक हात हलवत धावत आला. पण सगुणाचे हात तोवर चालू लागले होते. पुढे म्हणजे काय, संपलं. उजवा म्हणजे काय, संपलं. चंदू तिच्या कानाशी लागून सांगू लागला, जया 'परत' कुठे लागेल ते दाखवू लागली. एकदा चुकलं, पुसलं, परत केलं. प्राध्यापिका हाताची घडी घालून उभ्याच राहिल्या. बाकीचे परीक्षक दोन टेबलं पुढे गेले होते.

शेवटी सगुणाने टाइप केलं, 'होडी वीस'. मग तिच्या शेजारी 'होडी चाळीस'. मग विचारलं नसताना, 'होडी दहा'.

"ही कोणाची?" प्राध्यापिकांनी विचारलं.

"कुनाची नाय. ती खेळन्यातली हाय."

प्राध्यापिका हसल्या. मग त्यांनी ज्युलियानाकडे बघून, जरा ओशाळून, सांगितलं, "मॅडम, काम फार चांगलं आहे. पण तुम्ही बोललात. मला गुण देता येणार नाहीत."

"ठीक आहे," ज्युलियाना म्हणाली. खरंच ठीक वाटत होतं तिला. ते घटकाभरच टिकलं.

बक्षीस डोंबिवलीच्याच एका शाळेला मिळालं.  ठाण्याला उतरल्यावर मुलांना घरी पाठवून गोगटे सर म्हणाले, "बाई, शिस्त म्हणून एक गोष्ट असते. मी काय तोंड दाखवायचं? सध्या ते मंडळ बंदच ठेवू." तिने मान डोलावली.

आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. मंगळवारी, शुक्रवारी ती उजेडी घरी पोचायला लागली. वडिलांची पाठ हळूहळू बरी व्हायला लागली. सखुबाई खूश होती, तिने एकदा तांदळाच्या भाकऱ्यासुद्धा करून दिल्या. ज्युलियाना झोपायची. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आली की दुपारभर झोपायची. इतकी झोपूनही उठताना अंग जडच असायचं. झोपेने जाणारा थकवा हा नव्हे, हे तिला हळूहळू उमगत होतं, पण मग कशाने जाणारा, ते काही कळत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दाराशी कुजबुज झाली. बघते तर सगुणा, चंदू आणि जया. सगुणाच्या हातात पिशवी होती, आणि पिशवीत कसलेतरी मासे वळवळत होते.

"आयने निवट्या दिल्या. बाबांना कालवन करा. ताज्या हायत, आत्ताच चिखलातून काढलेल्या."

तिने मुलांना आत घेतलं. खाटेवरच्या लिओनार्डना बघून चंदू जरा बिचकला. लिओनार्डनी उजवा हात उचलून काहीतरी म्हटलं. शब्द कोणालाच कळले नाहीत, पण जयाने नमस्कार केला. चहा झाला. मग सगुणाने मुद्द्याला हात घातला.

"क्लब कधी सुरू करायचा?"

"सरांनी बंद केलाय."

"सर हो बोलतील. तुम्ही विचारलं का?"

ज्युलियाना बशीतल्या चहाकडे बघत राहिली. मुलांशी खोटं बोलायची ताकदही तिच्यात नव्हती. "नाही विचारलं," ती म्हणाली. "अगं, मी दमले. सकाळी हे, संध्याकाळी हे, मध्ये शाळा. तुम्हाला शिकवायचं म्हणजे आधी मला शिकावं लागतं. माझ्याच्याने होत नाही आता."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. आपल्या शिक्षिकेने असं काही सांगितलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"मग तुम्ही शिकवू नका," सगुणा म्हणाली. "नुसतं खुर्चीत बसा. मोठं मानूस पायजे खोलीत, म्हणून. आम्ही करतो."

"आणि अडलं तर?"

"अडलं तर अडलं," चंदू म्हणाला.

जया बशी खाली ठेवून पुढे सरकली. ती म्हणाली, "टीचर, माझ्या पप्पांना मी दाखवलं. कागदावर. 'पुढे' म्हणजे फॉरवर्ड, असं दोन्ही बाजूंना लिहून. ते म्हणाले, मग हरकत नाही."

मुलं गेल्यावर ज्युलियानाने निवट्या साफ केल्या आणि आंबट कालवण केलं. बऱ्याच दिवसांनी लिओनार्डनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

सोमवारी ती गोगटे सरांकडे गेली. भाषण तयार केलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. मार्चमध्ये सरकारी तपासणी होती, आणि योजनेतली यंत्रं कापडाखाली झाकलेली दिसली तर शाळेला उत्तर द्यावं लागलं असतं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"सुरू करा. मात्र फलकावर दोन्ही भाषांतले शब्द लावा. आणि, बाई..." ते जरा घुटमळले. "त्या दिवशी ती मुलगी यंत्राला शब्दाचा अर्थ सांगत होती. आधी धातू, मग त्यापासून दुसरं रूप, त्यापासून तिसरं. म्हणजे हे सगळं व्याकरणच झालं की!"

"हो, सर."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

 पुढे एक-दोनदा सर क्लबमध्ये येऊन सतरंजीच्या कडेला उभे राहिले. 'उजवीकडे' हा शब्द त्यांनी मुलांकडून कासवाला शिकवून घेतला. तो टाइप करायला फार लांब म्हणून कोणी कधी वापरला नाही.

त्यानंतरची साडेतीन वर्षं क्लब चालला तो असा. शाळा सुटली की ज्युलियाना किल्लीने खोली उघडायची, खुर्ची भिंतीशी ओढायची आणि बसायची. मुलं चपला काढून आत यायची. आधी मोठी मुलं लहानांना 'पुढे-मागे' शिकवायची, मग प्रत्येकाचं आपलं आपलं काम चालायचं. कोणी मासे पकडायचा खेळ केला, कोणी दिवाळीचा आकाशकंदील, कोणी आट्यापाट्यांचं पटांगण. थोड्याच वेळात ज्युलियानाची मान कलायची. मग सगुणा तोंडावर बोट ठेवायची आणि सगळी खोली कुजबुजत काम करायची. टेप लावायची झाली तर चंदू आवाजाची कळ आधी खाली करायचा. एकदा तपासणीचे साहेब अचानक आले, तर मुलांनी त्यांनाही हाताने खुणावून हळू बोलायला सांगितलं, आणि ते साहेब, का कोण जाणे, हळू बोलले.

कधी अडलं की मुलं तिला उठवायची. ती डोळे चोळत पडद्यासमोर यायची, बघायची, आणि बहुतेक वेळा म्हणायची, "मलाही नाही कळत. करून बघू." आणि करून बघता बघता कधी जमायचं, कधी राहून जायचं.

लिओनार्ड नव्वद सालच्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासांच्या दिवसांत, झोपेतच गेले. मैताला शाळेतली मुलं बाळकुमला आली होती, कोळीवाड्यातल्या दोन-तीन बायकाही. सखुबाई सगळ्यांत जास्त रडली. आता संध्याकाळी घाईने घरी पोचायचं कारण उरलं नव्हतं, पण ज्युलियानाचा थकवा काही त्यांच्याबरोबर गेला नाही. तो अंगात मुरला होता. फक्त आता तिला त्याची लाज वाटेनाशी झाली.

सगुणा दहावी पास झाली, सेकंड क्लासमध्ये. तिच्या बापाने लग्न ठरवायचं काढलं होतं; तिने दोन वर्षं मागून घेतली आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर आकडे भरायच्या कामाला लागली. पुढे लग्न होऊन ती उत्तनला गेली. चंदू वडिलांच्या होडीवर गेला. जया बँकेत लागली. कोणी परदेशी गेलं नाही, कोणाचं नाव पेपरात आलं नाही.

यंत्रांपैकी एक आधीच खाऱ्या हवेने गेलं होतं. दुसरं एक्याण्णवच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी, क्लब चालू असतानाच थांबलं. पडदा आधी थरथरला, मग मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, आणि तोही विझला. कळ दाबून बघितली, वायर हलवून बघितली, चंदूच्या धाकट्या भावाने मागे फुंकर मारून बघितली. दुरुस्त करणारं कोणी ठाण्यात नव्हतं, आणि योजना तर केव्हाच गुंडाळली गेली होती.

मुलं बराच वेळ काळ्या पडद्यासमोर बसून होती. ज्युलियानाने त्यांना उठवलं, चपला घालायला लावल्या, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून घरी पाठवलं. यंत्रावर कापड घातलं. मग पक्कड मागवून तिने खिडक्यांचे खिळे काढले. चार वर्षांत पहिल्यांदा खोलीत खाडीचा वारा आला, चिखलाचा आणि सुक्या मासळीचा वास घेऊन. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

बसमध्ये त्या दिवशी चक्क खिडकीची जागा मिळाली. माजिवड्यापर्यंत ती जागी होती. मग डोळा लागला तो इतका गाढ, की बाळकुम कधी गेलं ते कळलंच नाही. कंडक्टरने खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा बस कोलशेतला, शेवटच्या स्टॉपवर रिकामी उभी होती.

"मॅडम, कुठे जायचंय तुम्हाला?"

"बाळकुम."

"ते तर मागे राहिलं! आता ही बस अर्ध्या तासाने निघेल."

"असू दे," ती म्हणाली. "चालत जाते."

पिशवी खांद्याला लावून ती उतरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची शेतं होती आणि ऊन उतरलं होतं. घरी कोणी वाट बघत नव्हतं. ती सावकाश, मधूनमधून थांबत, बाळकुमच्या दिशेने चालू लागली.